दुरुस्ती करूनही छत पुन्हा गळतंय? आधी शब्द नीट समजून घ्या

छताच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग. पावसाळ्याआधी गच्चीवर काम करून घेतलं, पहिले दोन पाऊस कोरडे गेले, आणि तिसऱ्या मोठ्या पावसानंतर तोच डाग, त्याच जागी, कडेला पिवळट रेघ घेऊन हजर. आमच्या घरी हे सलग तीन वर्षं झालं. दर वर्षी वेगळा कारागीर आला. तिघांनीही "वॉटरप्रूफिंग करून देतो" एवढंच सांगितलं आणि प्रत्यक्षात तिघांनी तीन वेगळी कामं केली. एकाने केमिकल घालून नवा गिलावा केला, दुसऱ्याने पांढरा रबरी थर मारला, तिसऱ्याने स्लॅबला खालून इंजेक्शनं दिली. कामात कुणी लबाडी केली असं मला आजही वाटत नाही. पाणी ज्या वाटेने येत होतं, तिथे मात्र कुणाचाच हात पोहोचला नव्हता.

त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच गच्च्यांवर मी चढले आहे. जवळपास सगळीकडे घोळ शब्दांपासून सुरू झालेला दिसला. आपण "गळतंय" म्हणतो, समोरचा "कोटिंग मारू" म्हणतो, आणि पाणी कुठून शिरतंय हा प्रश्न दोघांच्या मध्येच राहून जातो. म्हणून हे शब्द इथे लिहितेय, तपास करताना ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने.

गळती, पाझर, ओल की दव?

गळती म्हणजे थेंब पडणं. पाणी आत यायला कुठेतरी सरळ वाट आहे. पाझर म्हणजे काँक्रीटच्या किंवा विटांच्या बारीक छिद्रांतून हळूहळू झिरपणं. थेंब दिसत नाही, डाग पसरत जातो. ओल बहुतेकदा भिंतीत असते, आणि ती जमिनीलगत असून वर चढत असेल तर छताशी तिचा संबंध नसतो. पायाच्या वर, भिंत सुरू होण्याआधी, ओल अडवणारा एक थर घालतात, त्याला डीपीसी म्हणतात. तो नसला किंवा तुटला की जमिनीतलं पाणी भिंतीच्या सूक्ष्म नळ्यांतून वर ओढलं जातं. दव हा चौथा प्रकार: घरातल्या हवेतली वाफ थंड छताला लागून पाणी होते. बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या छतावरचे काळे ठिपके पुष्कळदा याचेच असतात. अशा छतावर वरून कितीही थर चढवा, ठिपके जात नाहीत. खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने नवे यायचे थांबतात.

पाझर की दव, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. डागावरची जागा पुसून कोरडी करा. हातभर चौकोनी अॅल्युमिनियम फॉइल लावून चारही कडा टेपने नीट बंद करा आणि दिवस-रात्र तसंच ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर दव. छताकडच्या बाजूला जमलं तर पाणी स्लॅबमधून येतंय.

दुसरी गोष्ट, वही ठेवा. पाऊस कधी सुरू झाला, डाग ओला कधी दिसला, पाऊस थांबल्यावर किती वेळाने सुकायला लागला, एवढं तीन-चार पावसांपुरतं लिहिलं तरी पुरतं. पावसानंतर अर्ध्या तासात थेंब आला तर वाट मोठी आणि जवळची आहे. दीड-दोन दिवसांनी ओल उमटली तर पाणी आधी कुठेतरी साठतंय. फक्त वारा एका दिशेने असतानाच डाग येत असेल तर गच्ची सोडून आधी त्या दिशेची भिंत आणि खिडकी तपासा. आणि बारा महिने ओलं राहत असेल तर पावसाला दोष देऊ नका, पाईप बघा: टाकीत येणारं पाणी बंद करा, टाकीत पातळीची खूण करा आणि रात्रभर एकही नळ उघडू नका. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर आतली पाईपलाईन गळतेय. सांडपाण्याचे पाईप या चाचणीत सापडत नाहीत, कारण ते वापर होतो तेव्हाच गळतात.

डाग दिव्याच्या किंवा पंख्याच्या जवळ असेल तर हे सगळं करण्याआधी त्या भागाची वीज मेन स्विचवरून बंद करा.

डाग तिथे, वाट भलतीकडे

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. डागाच्या बरोबर वरची जागा फोडून दुरुस्त केली जाते आणि गळती परत येते.

कारण समजायला गच्चीचे थर डोळ्यांसमोर आणावे लागतात. खाली स्लॅब. त्यावर कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून उतार देणारा जाड थर; यालाच ब्रिकबॅट कोबा म्हणतात. त्यावर गुळगुळीत सिमेंटचा थर किंवा टाईल्स. वरच्या थराला केसाएवढी चीर गेली की पाणी कोब्यात शिरतं, विटा ते पिऊन घेतात, आणि स्लॅबच्या पाठीवरून ते आडवं पसरतं. मग स्लॅब जिथे कच्चा असेल तिथून ते खाली उतरतं. हा कच्चेपणा दोन प्रकारचा असतो. काँक्रीट ओतताना नीट दाबलं गेलं नाही तर आत खडीच्या मधे पोकळ्या राहतात, मधाच्या पोळ्यासारख्या, म्हणून त्याला हनीकोम्ब म्हणतात. आदल्या दिवशीच्या सुकलेल्या काँक्रीटला दुसऱ्या दिवशीचं येऊन मिळतं ती रेघ म्हणजे कोल्ड जॉईंट. स्लॅबमधला विजेचा पाईप सापडला तर पाणी त्यातून थेट पलीकडच्या खोलीतल्या पंख्याच्या हुकापाशीही निघतं.

म्हणजे डाग दर वर्षी एकाच जागी येतो यावरून स्लॅब कुठे कच्चा आहे एवढंच कळतं. पाणी गच्चीवर कुठे शिरलं हे त्यावरून कळत नाही, ती जागा पाच-सहा मीटर दूरही असू शकते.

कोबा पोकळ झालाय का हे बघायला हातोडीच्या दांड्याने वीत-वीत अंतरावर टकटक करत चला. भरीव जागेचा आवाज आखूड असतो, पोकळ जागेचा भरडा आणि घुमणारा. पोकळ भागांभोवती खडूने रेघ ओढत गेलात की नकाशाच तयार होतो. आणि एक कळकळीची विनंती: जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू नका. १० सेंटीमीटर जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतं. जुन्या स्लॅबवर असा भार कुणालाही न विचारता टाकणं धोक्याचं आहे.

गच्चीवर काय पाहायचं

पाऊस थांबल्यावर वर जा, आणि पाणी साठलेल्या जागांभोवती खडूने रेघ मारा. कोरड्या हवेत ४८ तासांनंतरही पाणी तिथेच असेल तर त्याला पाँडिंग म्हणतात, आणि तिथला उतार चुकलाय. सपाट गच्चीला निदान १:१०० उतार हवा, म्हणजे दर मीटरला १ सेंटीमीटर. १:८० असेल तर जास्त चांगलं. लांब सरळ पट्टी आणि लेव्हल घेऊन हे कुणालाही मोजता येतं. साठणाऱ्या पाण्याखाली बरीचशी कोटिंगं लवकर मऊ पडून सुटतात, म्हणून आधी उतार आणि मग कोटिंग. हा क्रम उलटला तर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

पाणी जाण्याच्या पाईपचं तोंड आजूबाजूच्या पातळीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली हवं. प्रत्यक्षात दुरुस्तीचा प्रत्येक नवा थर त्या तोंडापाशी थांबतो, आणि काही वर्षांत तोंड वर आणि गच्ची खाली अशी स्थिती होते. पाईप आणि काँक्रीट यांच्यामधली गोल फटही बोटाने चाचपून पाहा. प्लॅस्टिक आणि काँक्रीट उन्हात सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तिथे नुसतं सिमेंट भरलं तर ते सुटणारच.

आता "वाटा" हा शब्द. गच्ची आणि कठडा, म्हणजे पॅरापेट, जिथे काटकोनात भेटतात तिथे तिरपा किंवा गोलसर माल भरतात. त्याला कुणी वाटा म्हणतं, कुणी गोला. साधारण ५ सेंटीमीटरचा तरी असावा. काटकोनात मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी चिकटवायची चादर, किंवा कोटिंग घट्ट बसत नाही, मागे पोकळी राहते आणि थर तिथेच फाटतो; वाटा तो कोन सौम्य करतो. शिवाय स्लॅब उन्हाने जितका सरकतो तितका कठडा सरकत नाही, म्हणून सगळी ओढाताण याच रेषेवर येते.

आमचा चोर इथेच निघाला. चौथ्या वर्षी मी स्वतः गुडघे टेकून कठड्याच्या कडेने सरकत गेले. वाटा वरून धडधाकट दिसत होता, पांढरं कोटिंगही शाबूत होतं. पण कोटिंग भिंतीवर जेमतेम चार बोटं चढवून सोडलं होतं, आणि त्याची वरची कड नखाने उचलली तर कागदासारखी सुटली. मागे वाटा आणि भिंत यांच्यामधे सरळ फट होती. खिशातलं एक जुनं कार्ड त्या फटीत सरकवलं, तर ते अर्ध्याहून जास्त आत गेलं. भिंतीवरून ओघळणारा प्रत्येक थेंब कोटिंगच्या मागून कोब्यात जात होता, आणि ही फट डागापासून साडेचार मीटर दूर होती!

म्हणून नियम असा: कोणताही थर भिंतीवर तयार पातळीच्या वर किमान १५ सेंटीमीटर चढायला हवा, आणि त्याची वरची कड उघडी राहता कामा नये. भिंतीत खाच, म्हणजे चेस, कापून कड आत दाबतात आणि वर सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट माल, भरतात, किंवा धातूची पट्टी स्क्रूने आवळतात. छत आणि भिंत यांच्या सांध्यावर पाणी वळवण्यासाठी बसवलेल्या अशा पत्र्याला किंवा पट्टीला फ्लॅशिंग म्हणतात. मेम्ब्रेनच्या कामात मला पाहायला आवडते ती हीच जागा. मधला सपाट भाग सगळेच नीट करतात.

कठड्याचा माथाही विसरू नका. त्यावरच्या थराला कोपिंग म्हणतात. त्याचा उतार गच्चीच्या बाजूला हवा, तो भिंतीच्या थोडा बाहेर डोकावायला हवा, आणि डोकावणाऱ्या भागाच्या खालून एक सलग खाच हवी. ही खाच म्हणजे ड्रिप. पाणी पृष्ठभागाला चिकटून खालच्या बाजूनेही मागे सरकत येतं. खाचेपाशी त्याचा धरबंध सुटतो आणि ते थेंब होऊन पडतं. खिडकीवरच्या छज्ज्यालाही हीच खाच लागते.

चीर स्थिर आहे की हलती?

चिरा भरल्यावर त्या पुन्हा उमटतात, ही तक्रार वारंवार येते. चीर हलती असते आणि तिच्यात कडक माल भरलेला असतो, हे त्याचं कारण.

काँक्रीट तापलं की वाढतं. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर सुमारे ३ मिलिमीटर लांब होतो आणि रात्री पुन्हा आखडतो. हे रोज चालतं. चिरेच्या दोन्ही काठांवर पेन्सिलने एकेक बारीक खूण करा, मधलं अंतर पहाटे आणि दुपारी मोजा, आठवडाभर लिहा. फरक पडत असेल तर चीर हलती.

स्थिर चिरेत पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल चालतो. हलत्या चिरेला लवचीक सीलंट लागतं, आणि ते भरायची रीत आहे. चीर रुंद करून खाच पाडायची, आत फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबायची आणि त्यावर सीलंट भरायचं. सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी. दोरीचं काम नुसती जागा भरण्याचं नाही. तिच्यामुळे सीलंट खाचेच्या तळाला चिकटत नाही, फक्त दोन्ही काठांना धरतं. तळालाही चिकटलं तर त्याला मोकळेपणाने ताणता येत नाही आणि ते मधून फाटतं. इमारतीचे दोन भाग मुद्दाम वेगळे ठेवून सोडलेली फट म्हणजे एक्स्पान्शन जॉईंट. ती कधीही सिमेंटने बुजवू नका.

कोटिंगच्या डब्यावर "इलाँगेशन ३०० टक्के" असं लिहिलेलं असतं, म्हणजे थर मूळ लांबीच्या चौपट होईपर्यंत ताणला जाईल. मग तो चिरेवर का फाटतो? थर चिरेच्या दोन्ही काठांना घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे ताण घ्यायला त्याला लांबी मिळते ती फक्त चिरेच्या रुंदीएवढी. ती रुंदी सुरुवातीला जवळपास शून्य असेल तर तिची चौपटही शून्यच. यावर उपाय म्हणून चिरेवर आधी २० मिलिमीटर रुंद साधी टेप लावतात आणि त्यावरून जाळीसकट कोटिंग घेतात. आता अर्धा मिलिमीटर हालचाल २० मिलिमीटरवर वाटली जाते, म्हणजे अडीच टक्के ताण. हा तर कोणताही बरा थर सहज सोसतो. या टेपला बाँड ब्रेकर म्हणतात.

एक इशारा. छताचा गिलावा सरळ रेषेत फुगलेला, तांबूस डागांसह सुटलेला दिसला तर आतली सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तिथे वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

डब्यावरचे आणि कोटेशनमधले शब्द

इंटिग्रल कंपाउंड हे काँक्रीट किंवा माल कालवतानाच घालायचं असतं. तयार गच्चीवर ओतून काही होत नाही. सिमेंट-पॉलिमर कोटिंग पावडर आणि दुधासारखा पातळ द्रव अशा जोडीत येतं, ओलसर पृष्ठभागावर चालतं, आणि वर टाईल्स बसवता येतात, म्हणून बाथरूमला सोयीचं. ॲक्रिलिक कोटिंग उन्हाला चांगलं टिकतं, पण साठलेल्या पाण्यात कमजोर. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, जास्त ताणतं, मात्र खाली ओल असेल तर त्याला फोड येतात. एपीपी मेम्ब्रेन ही डांबराची ३ किंवा ४ मिलिमीटर जाड गुंडाळी, ज्योतीने वितळवून चिकटवतात. शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींवर १० सेंटीमीटर आणि टोकाला १५ सेंटीमीटर चढायला हव्यात. क्रिस्टलाइन रसायन ओलाव्याच्या सोबतीने काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करतं. तळघर, टाकी यांना उत्तम. हलत्या चिरेवर उपयोगाचं नाही.

ग्राउटिंग म्हणजे भोकं पाडून, नोझल बसवून, दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण किंवा पीयू आत भरणं. यात पाण्याची बाजू समजून घ्या. पाणी ज्या बाजूने येतं तिथे अडवणं म्हणजे पॉझिटिव्ह बाजू, उलट्या बाजूने अडवणं म्हणजे निगेटिव्ह बाजू. स्लॅबला खालून दिलेलं इंजेक्शन निगेटिव्ह बाजूचं. तळघरात बाहेरून पोहोचताच येत नाही, तिथे दुसरा इलाज नाही. गच्चीवर मात्र त्याने पाणी कोब्यातच अडकून राहतं आणि पुढची कच्ची जागा शोधतं. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी जुन्या डागासोबत शेजारच्या खोलीतही डाग उमटला होता तो यामुळेच.

सगळ्यात कमी विचारला जाणारा आकडा म्हणजे जाडी. ओल्या थराच्या जाडीला डब्ल्यूएफटी आणि सुकल्यावरच्या जाडीला डीएफटी म्हणतात. हिशेब तोंडी करता येतो: १ लिटर माल १ चौरस मीटरवर पसरला की ओली जाडी १ मिलिमीटर. डब्यावर घनभाग आकारमानाने ५० टक्के लिहिला असेल तर सुकल्यावर उरतो अर्धा मिलिमीटर. म्हणजे १ मिलिमीटर सुकी जाडी हवी असेल तर चौरस मीटरला २ लिटर लागतात, आणि २० लिटरची बादली १० चौरस मीटरलाच पुरते. तीच बादली पाणी घालून ५० चौरस मीटरवर फिरवली तर वर उरतो तो फक्त रंग. कोटेशनमध्ये "दोन कोट" लिहून घेण्यापेक्षा सुकी जाडी किती मिलिमीटर हे लिहून घ्या, आणि कामाच्या दिवशी बादल्या मोजा.

प्राइमर, म्हणजे कोटिंगआधी पकडीसाठी मारायचा पातळ थर, वगळू देऊ नका, आणि त्याही आधी गच्ची घासून साफ करून घ्या. धूळ आणि शेवाळावर मारलेला थर धुळीलाच चिकटतो.

कौलं आणि पत्रे

उतरत्या छपरात पाणी अडवण्यापेक्षा ते वाहून नेण्यावर भर असतो, त्यामुळे गळती बहुतेक सांध्यांत सापडते. माथ्यावरचं आढं आणि त्यावरचे कोने, म्हणजे माथा झाकणारी कौलं. दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, आतल्या बाजूने भेटतात ती पन्हळ, जिथे दोन्हीकडचं पाणी एकत्र येतं. आणि पागोळ्या पडतात ती वळचण. पन्हळीत पाला साचला की पाणी कडेवरून मागे कौलांखाली शिरतं. नवं काम काढण्याआधी ती साफ करून एक पाऊस पाहा.

पत्र्यात संशय आधी स्क्रूवर घ्या. ६ मीटरचा लोखंडी पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिलिमीटर लांब-आखूड होतो, त्यामुळे भोक हळूहळू लांबट होतं. स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होतो, किंवा सुरुवातीलाच जास्त आवळून चिरडलेला असतो. वॉशर चपटा होऊन पत्र्याला पूर्ण टेकायला हवा, पण बाहेर फुगता कामा नये. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही थेट पाय ठेवू नका. आधारावर फळी टाकूनच चढा. पत्रा जुना असेल तर त्यात फुफ्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू किंवा कापू नका.

काम झाल्यावर

पाणी भरून चाचणी घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पाईपची तोंडं बंद करा, अडीच ते पाच सेंटीमीटर पाणी भरा आणि निदान ४८ तास तसंच ठेवा. ५ सेंटीमीटर पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो, म्हणजे ५० चौरस मीटर गच्चीवर अडीच टन, त्यामुळे जुन्या किंवा कमजोर स्लॅबवर इंजिनिअरला विचारून आणि तुकड्या-तुकड्यानेच करा. उभ्या भिंतीला होजने पाणी मारा, खालून सुरुवात करून प्रत्येक टप्प्यावर पंधरा-वीस मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ खाली येतो आणि नेमकी जागा कळत नाही.

आतून रंगाची घाई करू नका. वाट बंद झाली तरी कोब्यात आणि स्लॅबमध्ये साठलेलं पाणी निघायला काही आठवडे जातात, आणि या काळात डागावर पांढरा भुगा दिसतो. तो क्षार, लोणा. पाणी बाहेर पडून सुकताना तो मागे राहतो. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, नाहीतर तो विरघळून पुन्हा आत जातो. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख घाला. आमची रेघ वाटा फोडून नव्याने केल्यावर पुढचा अख्खा पावसाळा तशीच राहिली, मग हिवाळ्यात खरवडून रंग दिला.